चेलोच्या क्लिपला दरवेळी चुकीचा टेम्पो, चुकीची की आणि 'सॅड' मूड येतोय? आधी हे तपासा

तर प्रॉब्लेम असा आहे. बाखच्या पहिल्या चेलो सुइटचा (म्हणजे छोट्या छोट्या भागांच्या मालिकेचा) प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, जी मेजरमधला, त्याचे पहिले दहा बार (चार-चार मात्रांचे तुकडे), साधारण ३६ सेकंद. एकटा बरोक चेलो, म्हणजे बाखच्या काळच्या पद्धतीचा, सोबतीला काही नाही. ही क्लिप सॉफ्टवेअरच्या अ‍ॅनालिसिसला टाकली की टेम्पो (मिनिटाला मात्रा) १३३, की (म्हणजे मूळ पट्टी, कुठला सूर सा धरलाय ते) सी शार्प मेजर आणि मूड 'सॅड'. मी ते पुसते, हाताने बरोबर भरते, सेव्ह करते, आणि पुढच्या वेळी लायब्ररी स्कॅन झाली की परत १३३, परत सी शार्प, परत सॅड. बरं, त्याच रेकॉर्डिंगची अख्खी फाइल टाकली तर की एफ शार्प मेजर येते. म्हणजे वाजवणारा तोच, चेलो तोच, दिवस तोच, आणि सॉफ्टवेअरची उत्तरं दोन, छापील नोटेशन सांगतंय तिसरंच.

मी ऑडिओबुकांचं एडिटिंग करते, अशा क्लिपा धड्यांच्या मध्ये लावायला लागतात, त्यामुळे टेम्पो आणि की चुकली की पुढचं सगळं मिक्सिंग बोंबलतं. यात माझ्या दोन रात्री गेल्या. शेवटी कळलं ते असं की या तीन चुका तीन वेगळ्या कारणांनी होतात आणि तिन्ही दरवेळी त्याच बाजूला होतात, त्यामुळे एकदा कारण कळलं की सॉफ्टवेअर काय चुकणार हे आधीच सांगता येतं.

कीपासून सुरुवात करू, कारण माझी सगळ्यात जास्त फजिती तिथेच झाली. नोटेशनवर जी मेजर लिहिलंय म्हणून मी खाली जीचा एक बारीक ड्रोन लावला, आपल्या भाषेत पांढरी पाचचा तंबोरा. आणि काय भयानक आवाज आला म्हणून सांगू, दातात खडा आल्यासारखं. मला वाटलं चेलो बेसूर आहे. ज्यांनी वाजवून दिला होता ते ओळखीतले काका आहेत, आतड्याच्या तारांचा जुना चेलो वाजवतात, त्यांना मी फोन करून, अगदी सांभाळून सांभाळून विचारलं की काका तुमचा चेलो त्या दिवशी थोडा उतरला होता का? ते हसायलाच लागले. म्हणाले, "अगं उतरला नव्हता, मीच उतरवलाय. चारशेपंधराला लावलाय."

आता ही ४१५ ची भानगड. हल्ली सगळीकडे ए हा सूर (पांढरी सहा) म्हणजे ४४० हर्ट्झ धरतात, आणि हे ठरलं ते १९३९ च्या लंडनच्या परिषदेत. बाखच्या काळात असं काही एक माप नव्हतंच, गावागणिक, चर्चच्या ऑर्गनागणिक सूर वेगळा. आजचे बरोक वाजवणारे सोयीसाठी ए ४१५ ला लावतात. सोय अशी की ४१५ आणि ४४० मधलं अंतर जवळजवळ बरोबर एका सेमीटोनचं (पेटीवरच्या एका घराचं) आहे, १०१ सेंट (सेमीटोनचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट), म्हणजे हार्पसिकॉर्डवाल्याने कीबोर्ड एक घर सरकवला की काम झालं. तसे प्रकार अजून आहेत, फ्रेंच संगीतासाठी ३९२ लावतात, तो पूर्ण एक टोन खाली, आणि ४६५ पण आहे, तो सेमीटोन वर.

त्यामुळे काकांचा जी मेजर ऐकायला येतो एफ शार्प मेजर. पेटीवर बघा, पांढरी पाचच्या जागी काळी तीन. चेलोची मोकळी ए तार आजच्या हिशोबाने २२० हर्ट्झ हवी, ती २०७ च्या आसपास असते, आणि मोकळी जी तार ९८ च्या ऐवजी ९२. म्हणजे अख्ख्या फाइलला सॉफ्टवेअरने एफ शार्प म्हटलं ते कानाने बघितलं तर खोटं नाहीच. ते ऐकू येतं ते सांगतंय, कागद त्याला माहीतच नाही.

मग तुम्ही म्हणाल की सॉफ्टवेअर ट्यूनिंग तपासतं ना? तपासतं, पण इथेच गोची आहे. बहुतेक टूल्स आधी बघतात की अख्खं रेकॉर्डिंग पेटीच्या पट्ट्यांपासून किती सरकलंय, पण ते फक्त जवळच्या पट्टीपासूनचं अंतर मोजतात, म्हणजे फार तर ५० सेंट इकडे किंवा ५० सेंट तिकडे. लिब्रोसासारख्या, ऑडिओ तपासायच्या पायथन कोडच्या लायब्ररीत सुद्धा हेच. ए ४३० ला लावलेला असता तर तो ४० सेंट उतरलेला दिसला असता आणि सॉफ्टवेअरला काहीतरी शंका आली असती. ४१५ मात्र सरकून सरकून थेट शेजारच्या पट्टीवरच जाऊन बसतो, म्हणून सॉफ्टवेअर म्हणतं, वा, ट्यूनिंग एकदम ओके, फक्त १ सेंटचा फरक! आणि पुढचं सगळं एका घराने चुकतं.

तपासायची पद्धत दोन मिनिटांची आहे. सगळ्यात सोपं म्हणजे फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा आणि क्लिपबरोबर आधी पांढरी पाच, मग काळी तीन करून बघा, कुठे मिसळतंय ते कळतंच, त्याला शास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. कानावर भरवसा नसेल तर ऑडॅसिटी या फुकट एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिला बार सिलेक्ट करून प्लॉट स्पेक्ट्रम काढा. पहिल्या चारही बारांची सुरुवात मोकळ्या जी तारेवर आहे, त्यामुळे सगळ्यात डावीकडचा सुळका कुठे आहे ते बघायचं, ९८ ला असेल तर आजचं ट्यूनिंग, ९२ ला असेल तर ४१५. पण साइझ १६३८४ ठेवा हां. २०४८ वर ठेवलं तर एकेक खाना २१ हर्ट्झचा होतो आणि ९२ आणि ९८ एकाच खान्यात जाऊन बसतात, मग बघत बसा. मी पहिल्यांदा तेच केलं होतं.

इथे एक गोष्ट आधी तपासून घ्या, नाहीतर विनाकारण बरोक-बरोक करत बसाल. फाइलचा स्पीडच बिघडलेला असू शकतो. ४८ किलोहर्ट्झची फाइल कुणीतरी ४४.१ समजून वाजवली की सूर जवळपास दीड सेमीटोन खाली जातो, म्हणजे ए साधारण ४०४ ला येतो. २४ फ्रेमचा व्हिडिओ २५ फ्रेमवर पळवलेला असेल तर उलट, सूर ७० सेंट वर आणि ए ४५८ च्या आसपास. हे आकडे आणि ४१५ यांत गल्लत व्हायचं कारण नाही. स्पीडच्या भानगडीत टेम्पोही त्याच प्रमाणात बदलतो हे पण लक्षात ठेवा.

बरं, सूर कळला, पण मग ३६ सेकंदांच्या क्लिपला सी शार्प का? काळी तीन यायला हवी होती, काळी एक कुठून आली?

हे मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण आहे. पेटीवर हा प्रेल्यूड हळूहळू वाजवून बघा, जी ला सा धरून. पहिले चार बार खाली सा दाबून धरलेला, वर स्वर हलतायत, शुद्ध मध्यम येऊन जातो, सगळं घरातल्या घरात. मग पाचव्या-सहाव्या बारपासून तीव्र मध्यम लागायला लागतो. आणि दहाव्या बारपर्यंत बाखबुवा चक्क पंचमावर जाऊन बसतात, पंचमालाच सा करून. जी मेजर आणि डी मेजर यांच्यात सातपैकी सहा स्वर सारखे, फरक फक्त त्या एका मध्यमाचा. माझी क्लिप बरोबर दहाव्या बारला कापलेली, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ ती डी कडे निघालेली किंवा डी मध्ये पोचलेली आहे. सॉफ्टवेअर बारा स्वरांचा हिशोब मांडतं, कुठला स्वर किती वेळ वाजला, आणि तो हिशोब ठरावीक साच्यांशी जुळवून बघतं. त्याला 'आधी कुठून निघालो' हे फारसं कळत नाही. म्हणून उत्तर डी मेजर, आणि ट्यूनिंग एक घर खाली म्हणून सी शार्प. दोन चुका एकावर एक.

त्यात चेलोचा स्वतःचा स्वभाव. खालच्या जी तारेचा मूळ स्वर रेकॉर्डिंगमध्ये, विशेषतः छोट्या माइकवर, तितका जोरात येत नाही, त्याचे वरचे अंश (मूळ स्वराबरोबर आपोआप घुमणारे वरचे स्वर) जोरात येतात, आणि तिसरा अंश म्हणजे नेमका पंचमच, डी. म्हणजे सा वाजवला तरी हिशोबात थोडा प जमा होतो. तंबोऱ्याच्या एका तारेत गंधार ऐकू येतो म्हणतात ना, तसंच, तो पाचवा अंश.

म्हणून नियम असा करून टाकलाय की छोट्या क्लिपची की कधीच क्लिपवरून काढायची नाही. अख्ख्या मूव्हमेंटवरून, म्हणजे पूर्ण भागावरून काढायची, आणि त्यातही शेवटचा स्वर बघायचा. या प्रेल्यूडमध्ये शेवटच्या बारांत पुन्हा डी चा ठिय्या आहे, सगळ्यात शेवटी जी चा कॉर्ड येतो आणि सुटका होते. तो कॉर्ड फेडआउटमध्ये गेला असेल तर अख्खी फाइलही डी कडे झुकू शकते, तेव्हा फाइल शेवटपर्यंत आहे ना ते बघा. सहा सुइट्सच्या मूळ की तर पाठच करून टाका, सहाच आहेत: जी मेजर, डी मायनर, सी मेजर, ई फ्लॅट मेजर, सी मायनर, डी मेजर. पाचव्यात अजून एक गंमत, मूळ ट्यूनिंगमध्ये वरची ए तार उतरवून जी ला लावायची असते, त्यामुळे जी च्या दोन तारा घुमत राहतात आणि सी मायनरच्या पीसमध्ये सॉफ्टवेअरला जी जास्त ऐकू यायला जागा मिळते.

आता टॅगमध्ये लिहायचं काय, जी का एफ शार्प? यावर लोक भांडतात. माझं मत, दोन्ही लिहा पण वेगळ्या ठिकाणी. कीच्या रकान्यात जी मेजर, आणि कॉमेंटमध्ये 'ऐकू येतो एफ शार्प, ए ४१५'. काहीजण म्हणतात ऐकू येतं तेच खरं, मिक्सिंगला तेच लागतं. मिक्सिंगला लागतं हे कबूल. पण हा पीस जी मेजर आहे याला कारण आहे, जी आणि डी या दोन्ही मोकळ्या तारा सतत घुमतात आणि सगळा चेलो खुलतो. आजच्या ट्यूनिंगच्या चेलोवर तोच पीस खराखुरा एफ शार्पमध्ये वाजवायला घेतला तर मोकळ्या तारा कामाच्याच राहत नाहीत, आवाज बंद खोलीतल्यासारखा होईल, आणि बोटांचे हाल वेगळेच. तेव्हा त्याला एफ शार्पचा पीस म्हणणं मला पटत नाही.

टेम्पो त्यामानाने सोपा. १३३ चं अर्धं करा, ६६-६७. झालं. सॉफ्टवेअरने दुगुन मोजली, एवढंच. या प्रेल्यूडमध्ये एका मात्रेत चार स्वर, सुरुवातीपासून जवळपास शेवटपर्यंत एकसारखे, ठेका धरणारं दुसरं काही नाही, तबला नाही, ड्रम नाही. मग बिचाऱ्याने कशाला मात्रा म्हणायचं? चौगुन चालू असताना ठाय, दुगुन आणि चौगुन तिन्ही हिशोबात बसतात, ६७, १३३, २६७. यातून निवडताना बरीच टूल्स १२० च्या जवळचं उत्तर पसंत करतात, लिब्रोसामध्ये तर सुरुवातीचा अंदाजच १२० असतो, कारण पॉप गाणी त्या भागात असतात. ती सेटिंग बदलता येते, तिथे ६५-७० भरलं की उत्तर लगेच सुधारतं. सेटिंग नसेल तर कमाल मर्यादा १०० ठेवता येते का बघा.

पण खरं उत्तर हवं असेल तर सॉफ्टवेअर लागतच नाही. प्रेल्यूडमध्ये ४२ बार, बारमध्ये ४ मात्रा, एकूण १६८. त्याला लांबीच्या मिनिटांनी भागा. अडीच मिनिटांचं रेकॉर्डिंग म्हणजे ६७, दोन मिनिटांचं म्हणजे ८४. सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापून मग लांबी मोजा, एवढंच पथ्य. दहा बारच्या माझ्या क्लिपला ४० मात्रा आणि ३६ सेकंद, आलं ६६.७. दोन मिनिटांत उरकणारेही आहेत आणि अडीचच्या पुढे रमतगमत जाणारेही, आणि बाखने टेम्पो लिहिलेलाच नाही, त्याच्या हातची मूळ प्रतच सापडलेली नाही, त्याची बायको आना माग्दालेनाने केलेली नक्कल आहे. मेट्रोनोमचं पेटंट पण १८१५ चं, या सुइट्सनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. त्यामुळे 'बरोबर टेम्पो' असा नसतोच, या रेकॉर्डिंगचा टेम्पो असतो.

अजून एक, हा आकडा सरासरीचा. बाविसाव्या बारमध्ये एक फर्माटा (थांबायची खूण) आहे, वाजवणारा तिथे थांबतो, श्वास घेतो, आणि पुढे निघतो. बीट ग्रिड (मात्रांच्या समान अंतराच्या रेघा) वापरून क्लिपा चिकटवत असाल तर ग्रिड तिथपर्यंतच धरा आणि पुढे नवीन सुरू करा, नाहीतर थांबल्यानंतरचं सगळं अर्ध्या मात्रेने घसरतं. जीगसारख्या (जलद नाचाच्या) सहाच्या चालीच्या मूव्हमेंटमध्ये चूक दुपटीची नसते, दीडपट किंवा तिपटीची असते, तिथे अर्धं करून भागणार नाही, पायाने ठेका धरा आणि फोनवर टॅप करा.

उरला मूड. हा मी शेवटी ठेवला कारण यावर पक्का इलाज नाही, समजून घेणं आहे. एकटा चेलो, आवाज खालचा, धनुकलीने सुरू होणारा स्वर मऊ, वर चकचकीत काही नाही, त्यात चर्चसारख्या जागेचा घुमारा. मूडचं मॉडेल यातून काढतं की ऊर्जा कमी, चमक कमी, म्हणजे दुःखी. मी प्रयोग म्हणून तीच क्लिप एक सप्तक वर चढवून टाकली, लगेच 'काम' (calm, म्हणजे शांत) आलं. मग मूळ क्लिपच फक्त ६ डेसिबलने मोठी केली, तर सॅडचा आकडा खाली. स्वर तेच, चाल तीच! म्हणजे हा मूड संगीताचा नाही, आवाजाच्या पातळीचा आणि जाडीचा आहे.

निदान एवढं करा की मूड काढायच्या आधी सगळ्या क्लिपांची लाउडनेस एकसारखी करा, म्हणजे आपापसात तुलना तरी होईल. आणि चेलोच्या क्लिपा चेलोच्याच क्लिपांशी ताडून बघा, नाचगाण्यांशी नको. मी तर आता सगळ्या चेलोच्या क्लिपा एका फोल्डरमध्ये टाकून त्यांच्यातच क्रम लावते, आणि त्या क्रमात हा प्रेल्यूड सगळ्यात आनंदी टोकाजवळ येतो, जो कानालाही पटतो.

गंमत म्हणजे त्या काळचे लोक कीवरूनच मूड सांगायचे. शार्पांत्ये नावाच्या फ्रेंच संगीतकाराने १६९० च्या सुमारास यादीच केली होती, त्यात जी मेजर म्हणजे हळुवार आनंदाचा, डी मायनर गंभीर आणि भक्तीचा, सी मायनर काळोखा आणि दुःखी, डी मेजर आनंदी आणि एकदम लढाऊ. आपल्या रागांच्या रसांसारखंच, आणि तितकंच वादग्रस्त. पण 'सॅड' पेक्षा मला ते 'हळुवार आनंदाचा' जास्त पटतं, म्हणून मूडच्या रकान्यात मी तेच टाकते.

आता परत परत येणारा भाग. सगळं बरोबर भरूनही ते पुसलं जात होतं कारण माझ्या प्लेअरमध्ये 'स्कॅन करताना अ‍ॅनालिसिस पुन्हा करा' हे चालूच होतं, आणि मी भरलेलं फक्त प्लेअरच्या डेटाबेसमध्ये जात होतं, फाइलमध्ये नाही. दोन्ही सुधारा. पुन्हा अ‍ॅनालिसिस बंद, आणि टॅग थेट फाइलमध्ये लिहा. एमपीथ्रीमध्ये बीपीएमचा (टेम्पोचा) रकाना पूर्णांकाचाच असतो, ६६.७ टाकलं की काही प्रोग्राम घोटाळा करतात, ६७ टाका. कीच्या रकान्यात तीनच अक्षरं मावतात, त्यामुळे '४१५' वगैरे तिथे कोंबू नका, कॉमेंटमध्ये टाका. आणि पिच सरकवून ४४० ला आणायचं असेल तर ऑडॅसिटीत फक्त पिच बदलणारा इफेक्ट वापरा, स्पीड बदलणारा नाही, कारण स्पीडवाल्याने ६ टक्के वेग वाढतो आणि ६७ चे ७१ होतात, मग परत टेम्पोचा गोंधळ. त्यापेक्षा खालचा ड्रोनच काळी तीनला उतरवा, चेलोला हात लावू नका. मी तेच केलं, आणि दातातला खडा गेला.

सध्या एकच क्लिप राहिलीय जिच्यापुढे मी हात टेकलेत, पाचव्या सुइटची साराबांद (संथ नाचाचा भाग). त्यात एकही कॉर्ड नाही, एका वेळी एकच स्वर, मोठमोठ्या उड्या आणि संथ चाल, ठेका असा हातात लागतच नाही. क्लिपची सुरुवात दोन सेकंदांनी पुढेमागे केली की टूल वेगळी की सांगतं. तिला मी सरळ 'सी मायनर, ४१५' असं हाताने लिहून स्कॅनच्या फोल्डरबाहेर काढून ठेवलंय.